मध्येच उठून गेलेला वकील

निवृत्त न्यायाधीशाकडं दिवाळी अंकाचे संपादक येतात ते खुनाचा खटला मागायला. मी त्यांना सांगितलं, माझ्याकडं सांगण्यासारखा खून नाही. उमेदीची वर्षं मी तालुक्याच्या कोर्टांत काढली आणि तालुक्याला खून चालत नाहीत, ते जिल्ह्याला जातात. आमच्याकडं बांध येतात, विहिरी येतात, गाडीवाटा येतात, टाकलेल्या बायकांची पोटगी येते. ही प्रकरणं एकदा मुक्कामाला आली की हलायचं नाव घेत नाहीत. न्यायाधीश बदलून जातो, दुसरा येतो, बांध तिथंच असतो.

या कामाच्या जोडीला आणखी एक काम असायचं. न्यायाधीश कोण व्हावा, याबद्दल मत देण्याचं. बाहेरच्यांना त्याची कल्पना नसते. तालुक्याचा न्यायाधीश आधी कुठल्या तरी कोर्टात वकील असतो. काही वर्षं वकिली केली की त्याला परीक्षेला बसता येतं. लेखी परीक्षा, मग मुलाखत. पण कागदावरच्या गुणांवर खुर्ची देत नाहीत. जिथं तो वकिली करतो तिथल्या न्यायाधीशाला जिल्ह्याहून विचारणा येते: हा माणूस खरंच वकिली करतो का, कायदा किती येतो, वागणूक कशी, सचोटी कशी. चार ओळी लिहायच्या, सही करायची, पाकीट बंद करायचं.

त्या चार ओळी लिहिताना मी जितका थकायचो तितका दिवसभर साक्षी नोंदवूनही थकायचो नाही. माझा निकाल चुकला तर वर अपील असतं. हा अभिप्राय चुकला तर कुठल्या तरी गावात नको तो माणूस निवृत्त होईपर्यंत उंच खुर्चीवर बसणार, आणि त्यावर अपील नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जुन्नरला होतो तेव्हाची ही गोष्ट. बहुतेक वेळा काम सोपं असायचं. आळेफाट्याचे एक वकील आले, अभिप्राय त्यांनीच टाइप करून आणला होता. ‘अत्यंत बुद्धिमान, निष्कलंक, मृदुभाषी’ असं स्वतःबद्दल लिहिलेलं. मला फक्त सही करायची होती. मी विचारलं, माझ्या कोर्टात तुम्ही शेवटचा साक्षीदार कधी तपासलात? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाले, साहेब, माझे साक्षीदार यायचेच नाहीत. खरं म्हणजे तेच यायचे नाहीत. हायवेलगतच्या जमिनी आणि एक लॉज यांत त्यांचा दिवस जायचा. मी नाही म्हणालो. पुढं काही महिने ते माझ्याबद्दल गावभर वाईट बोलले आणि मग लॉजच्या वरच्या मजल्याच्या उद्घाटनाला मलाच आमंत्रण घेऊन आले.

एकनाथ खरमाळे यांचं तसं नव्हतं. खोडदच्या शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात राहून कायदा शिकले आणि तिथं न थांबता जुन्नरला आले. रोज एसटीनं यायचे, कोट हातावर टाकलेला. बोलणं हळू. उलटतपासात साक्षीदारावर कधी आवाज चढवला नाही. एकदा एका दाव्यात त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारा वरच्या कोर्टाचा निवाडा त्यांनीच माझ्यापुढं ठेवला, कारण समोरच्या वकिलांना तो सापडला नव्हता आणि कोर्टाची दिशाभूल होऊ द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अशील मागं बसून खुशीत मान हलवत होता. त्याला वाटलं, आपल्या वकिलानं बाजी मारली.

खरमाळे लेखी परीक्षा पास झाले, मुलाखतही चांगली झाली. आता माझ्या अभिप्रायाचीच वाट होती. आणि नेमकं त्याच सुमाराला ते विहिरीचं प्रकरण झालं.

दावा खोडदचाच होता. गेनभाऊ नावाचे पन्नाशीचे शेतकरी वादी आणि त्यांच्या धाकट्या भावाची विधवा हिराबाई प्रतिवादी. दोन्ही घरांच्या शेतांच्या मध्ये एक विहीर. गेनभाऊंचं म्हणणं, भाऊ हयात असताना तोंडी वाटणी झाली, त्यात विहीर सगळी त्यांच्याकडं आली आणि बदल्यात भावाला ओढ्याकडचं रान गेलं. हिराबाईचं म्हणणं, असं काही झालं नाही, विहीर निम्मी आमची आहे. तोंडी वाटणी कायद्याला चालते. पण ती झाली हे सिद्ध करावं लागतं, आणि ते माणसांच्या तोंडूनच करावं लागतं. विहिरीचा वाद म्हणजे तिकडं जगण्याचाच वाद. पाणी नसेल तर हिराबाईचं रान नुसतं रान राहणार होतं.

गेनभाऊंचे वकील खरमाळे. हिराबाईनं एक म्हातारे, बऱ्यापैकी बहिरे वकील दिले होते. दावा माझ्या आधीच्या साहेबांच्या काळापासून चालू होता.

त्या दिवशी गेनभाऊंचा मुख्य साक्षीदार पिंजऱ्यात होता. शेजारचा शेतकरी, नाव महादू. तो सांगत होता, मोठ्या तबकड्या उभ्या करायचं काम चाललं व्हतं त्या साली वाटणी झाली, मी तिथं हजर व्हतो. खोडदला त्या रेडिओ दुर्बिणी झाल्या तेव्हापासून गावातली माणसं बरंचसं जुनं त्यांच्याच हिशेबानं सांगतात. साक्ष चांगली चालली होती. मध्येच दुपारची सुट्टी झाली.

सुट्टीनंतर मी येऊन बसलो तर खरमाळे उभे होते. त्यांनी माझ्यापुढं अर्ज ठेवला. या दाव्यातलं वकीलपत्र मागं घ्यायची परवानगी मिळावी.

साक्ष अर्ध्यावर असताना वकील उठून जाणं ही साधी गोष्ट नाही. मी कारण विचारलं. ते म्हणाले, वैयक्तिक आहे. त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. मागून गेनभाऊ पुढं आले. पट्टेवाल्यानं अडवलं, तरी बोलले.

“साहेब, मळणी अर्ध्यात आली आन् ह्यो माणूस बैलांची पात सोडून चालला. आमी आता काय करायचं?”

खरमाळे यांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी परवानगी दिली आणि गेनभाऊंना दुसरा वकील द्यायला मुदत दिली. दुसरा वकील म्हणून बापूसाहेब उभे राहिले. ते बारमधले, म्हणजे तालुक्याच्या वकील संघातले, सगळ्यांत ज्येष्ठ, आवाज असा की बाहेरच्या व्हरांड्यात तारीख मागायला आलेल्यालाही युक्तिवाद ऐकू जावा.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जुन्नरला सगळं ठाऊक झालं होतं. फक्त मला नव्हतं, आणि असायला नको होतं. न्यायाधीशानं दाव्याबद्दल जे ऐकायचं ते कोर्टात, दोन्ही बाजूंच्या समोर. बाहेरचं कानावर पडलं तर तो त्या दाव्याला बाद. त्यामुळं पुढचे काही आठवडे मी कान मिटून हिंडलो. न्हाव्याकडं बसलो तर तो म्हणाला, साहेब, त्या खोडदच्या विहिरीचं कळलं का? मी म्हणालो, नको सांगू. तो गप्प बसला, पण कात्री रागानं चालवली. ऑफिसातले एक कारकून फाइल ठेवताना खाकरले, त्यांनाही मी हातानंच थांबवलं. एवढी माणसं मला एक गोष्ट सांगायला उत्सुक होती आणि मी सगळ्यांपासून पळत होतो. तालुक्याचा न्यायाधीश तसाही कुणाच्या घरी जेवायला जात नाही. त्या दिवसांत मी संध्याकाळचं फिरणंही बंद केलं.

तशात जिल्ह्याहून गोपनीय पत्र आलं: वकील खरमाळे यांच्याबद्दल अभिप्राय पाठवावा. त्यापाठोपाठ गेनभाऊंची तक्रार आली. खरमाळे समोरच्या बाजूकडून फुटले, हिराबाईचे भाऊ मंचरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी आहेत, त्यांनी पैसे देऊन खरमाळे यांना फोडलं, असा माणूस न्यायाधीश कसा होतो. बापूसाहेब स्वतः माझ्या चेंबरमध्ये आले. म्हणाले, बारच्या वतीनं बोलतोय, अशिलाला भर पाण्यात सोडणारा माणूस खुर्चीवर नको. आणि त्यानं का सोडलं ते तर खोडदचं लहान पोरही सांगेल. मी त्यांना तिथंच थांबवलं. बापूसाहेब, म्हटलं, तुम्ही आता त्या दाव्यात वकील आहात. ते उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, साहेब, तुम्ही ऐकून घ्यायला हवं होतं.

अडचण अशी होती. खरमाळे लायक की नालायक हे ठरवायचं तर ते का उठून गेले हे मला कळायला हवं. आणि ते कळलं तर विहिरीचा दावा मला चालवता येणार नाही. मी दोन्हीकडून बांधला गेलो होतो. शेवटी मी खरमाळे यांना बोलावलं. दार उघडं ठेवलं.

तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, मी म्हणालो. तुम्ही समोरच्या बाजूला मिळालात असं म्हणतात. वकीलपत्र का सोडलंत?

त्यांनी उघड्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, “साहेब, अशिलानं मला सांगितलेलं माझ्याजवळच राहणार.”

मी कोर्ट म्हणून विचारत नाही, मी म्हणालो. मला तुमच्याबद्दल लिहायचंय.

“पण दावा तुमच्याच बोर्डावर आहे. मी सांगितलं तर तुम्हाला तो सोडावा लागेल. दुसरीकडं जाईल, परत पहिल्यापासून साक्षी. ती बाई थकलीय. गेनभाऊसुद्धा थकलेत.”

“आणि नाही सांगितलंत तर?”

“तर माझं काम व्हायचं नाही.” त्यांनी कोटाची बाही खाली ओढली. “परीक्षेच्या वयाच्या अटीचं हे शेवटचं वर्ष आहे. नाही झालं तर वकिली आहेच.”

दुसरं काही ते बोलले नाहीत. आपण फुटलो नाही, असंही म्हणाले नाहीत. कारण तसं म्हटलं असतं तर मग का गेलो हे सांगणं आलं असतं. ते नमस्कार करून गेले. आयुष्यात मी पुष्कळ माणसांना स्वतःच्या बाजूनं बोलताना ऐकलं होतं. स्वतःच्या बाजूचं तोंडाशी आलेलं गिळून उठणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

अभिप्राय लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी लिहिलं की या वकिलांविरुद्ध एक तक्रार आहे, तिचं उत्तर देण्यास त्यांनी माझ्याकडं नकार दिला, आणि तो नकार हीच माझ्या मते त्यांची लायकी आहे. नेमणूक व्हावी.

जिल्हा न्यायाधीशांचा फोन आला. वयस्कर, माझ्याहून थकलेले गृहस्थ. म्हणाले, अहो, हे काय लिहिलंय तुम्ही? हो की नाही, एवढंच हवंय मला. मी हो म्हणालो. ते म्हणाले, बघा बरं का. आणि फोन ठेवला.

पाकीट गेलं, पण माझी सुटका झाली नाही. कारण विहिरीचा दावा अजून माझ्यापुढंच होता. एका हातानं मी लिहून दिलं होतं की हा वकील खरा आहे. मग तो ज्याला सोडून गेला तो अशील कसा असेल, हा तर्क करायला कायदा शिकावा लागत नाही. पण तर्क म्हणजे पुरावा नाही. वकील आजारपणानं सोडतो, भांडणानं सोडतो, भीतीनं सोडतो. तो का गेला हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं, सांगू दिलेलं नव्हतं.

पुढच्या तारखेला मी भर कोर्टात दोन्ही बाजूंना विचारलं. खरमाळे यांच्याबद्दलची तक्रार माझ्याकडं आली होती, हा दावा मी चालवायला कुणाची हरकत आहे का? बापूसाहेब म्हणाले, नाही. हिराबाईच्या वकिलांना प्रश्न पुन्हा ओरडून सांगावा लागला. तेही म्हणाले, नाही. हिराबाई मागं बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, साहेब, तुमीच काय त्यो निकाल द्या. आता लई झालं.

महादूची राहिलेली साक्ष झाली. हिराबाईच्या वकिलांनी उलटतपास घेतला तो असा की त्यापेक्षा न घेतला असता तर बरं झालं असतं. मग मी स्वतः विचारलं. न्यायाधीशाला तो अधिकार असतो. वाटणीला कोण कोण बसलं होतं, कुठं बसले होते, ओढ्याकडच्या रानात तेव्हा काय उभं होतं. महादू कुठं अडखळला नाही. पाठ केलेलं असेल तर फार चांगलं पाठ केलेलं होतं. खरं असेल तरीही तो तसाच बोलला असता.

हिराबाईची साक्ष झाली. वाटणी झाली म्हणतात तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. नवऱ्यानं पुढं सांगितलं होतं की विहीर सामाईकच आहे, पण तो आता सांगायला नव्हता. नवरा गेल्यापासून तुम्ही विहिरीचं पाणी घेतलंत का, असं बापूसाहेबांनी विचारलं. ती म्हणाली, न्हाई घेतलं. का? ती म्हणाली, घिऊ देत न्हाईत म्हणून. बापूसाहेब वळून म्हणाले, एवढंच पुरे.

निकाल लिहिताना मी ती दुपार मनातून काढून ठेवायचा प्रयत्न केला, खरमाळे अर्ज घेऊन उभे होते ती. ते उठून गेलेच नसते तर मी काय लिहिलं असतं? पुन्हा पुन्हा स्वतःला हेच विचारत होतो. उत्तर एकच येत होतं. न डगमगलेला साक्षीदार एकीकडं, दुसरीकडं माहेरी असलेली बाई. मी गेनभाऊंच्या बाजूनं निकाल दिला.

निकाल वाचून झाला तेव्हा हिराबाई उभीच होती. तिला कुणीतरी सांगितलं, चला आता. तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस ओळखीचा वाटावा आणि जवळ गेल्यावर दुसराच निघावा, तसं.

खरमाळे यांची नेमणूक झाली. बारनं त्यांना निरोप दिला नाही. ते एकटेच भेटून गेले, मराठवाड्यातलं कुठलंसं गाव मिळालं होतं. विहिरीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. पुढं माझी बदली झाली, मग आणखी बदल्या. हिराबाईनं पुण्याला अपील केलं होतं आणि काही वर्षांनी तिथं तडजोड झाली, एवढं उडत उडत कळलं. तिला पाण्याची पाळी मिळाली, विहिरीतला हिस्सा नाही.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. नाशिकला मुलीकडं चाललो होतो. आळेफाट्याला गाडी थांबली, म्हणून एका हॉटेलात चहा घ्यायला शिरलो. मागून कुणीतरी साहेब म्हणून हाक मारली. खरमाळे होते. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. आईला बरं नव्हतं म्हणून रजा काढून गावी आले होते, आता परत निघाले होते. आम्ही एका टेबलाशी बसलो. बाहेर ट्रकवाले, टायरची दुकानं, भोंगे. कसं चाललंय विचारलं तर म्हणाले, चाललंय. मग म्हणाले, “वकील होतो तेव्हा उठून तरी जाता येत होतं.”

मी त्यांना सांगितलं की अभिप्रायात मी काय लिहिलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. ऐकून ते टेबलावरचे साखरेचे कण बोटानं गोळा करत राहिले. आभार वगैरे मानले नाहीत, आणि मला बरं वाटलं.

मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. आता दावा संपला, अपील संपलं, मीही निवृत्त झालो. त्या दुपारी गेनभाऊंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?

ते हसले. “परवाच देवळापाशी दिसले गेनभाऊ. अजून माझ्याशी बोलत नाहीत.” एवढंच उत्तर. मी पुन्हा विचारलं नाही.

चहा आला. तो निवत असताना त्यांनी आपणहून हिराबाईचं काढलं. गावी आलं की ते तिच्याकडं डोकावतात. कालही गेले होते. मुलगा आता शेती बघतो, पाळीच्या पाण्यावर थोडं माळवं, भाजीपाला करतात. ती बसायला सांगते आणि दर वेळी एकच विचारते.

“काय विचारते?”

“म्हणते, वकील, तुमी उठून गेला तवाच आख्ख्या गावाला कळलं माझं खरं हाय. एकट्या साहेबाला कसं न्हाई कळलं?”

मी बाहेरच्या रस्त्याकडं पाहत राहिलो. मला कळलं नव्हतं असं कसं म्हणू? मग मी विचारलं, “तुम्ही काय सांगता तिला?”

“सांगतो की साहेबांना कळून चालणार नव्हतं.”

“पटतं तिला?”

“न्हाई पटत,” खरमाळे म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात पहिल्यांदाच खोडदची भाषा आली. “काल तिनं चहा टाकला. आम्ही ओट्यावर बसलो. विहिरीवर गेनभाऊंची मोटर चालू होती.”